पारिमांडल्य : ज्या गोलाईतून काहीच निपजत नाही

‘महावितरणच्या पुणे परिमंडलात’ अशी सुरुवात असलेली बातमी आपण शंभरदा वाचलेली असते. पोलिसांचंही तसंच. अमुक परिमंडळाचे उपायुक्त घटनास्थळी पोचले, असं छापून येतं आणि आपण पुढे वाचत जातो. या ‘परिमंडला’चा मूळ अर्थ ‘सगळीकडून गोल’ असा आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. यायचं कारणही नाही. सरकारी मराठीत शिरलेला शब्द मूळ गाव विसरतोच. मंत्रिमंडळात कोणी वर्तुळ करून बसत नाही आणि महामंडळाचा आकार विचारायची सोय नाही.

या परिमंडलाचं एक भाववाचक नाम आहे : पारिमांडल्य. संस्कृत धाटणीनं लिहायचं तर पारिमाण्डल्य. बोलण्यात हा शब्द कधी ऐकू येत नाही. मराठी कवितेत कुणी वापरलाच तर मीटरमध्ये बसवताना त्याचा घाम निघेल. शब्दकोशात अर्थ दिलेला असतो ‘गोलाई, वर्तुळाकारता’. तो बरोबरच आहे. पण हा शब्द जिथे खरा राबला, त्या न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या, म्हणजे जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या, ग्रंथांत हा अर्थ घेऊन गेलात तर पहिल्याच पानावर अडाल. तिथे पारिमांडल्य म्हणजे जगातलं सगळ्यात लहान माप. शिवाय शास्त्रकारांनी त्याच्यावर असा शिक्का मारून ठेवला आहे, की याच्यापासून काहीही उत्पन्न होत नाही. गंमत पुढेच आहे. काहीही उत्पन्न न करणाऱ्या या गुणामुळे केवढे मोठे वाद उत्पन्न झाले, ते पाहण्यासारखं आहे.

आधी शब्दाची फोड. ‘मंडल’ म्हणजे वर्तुळ, चकती, बिंब. ‘परि’ म्हणजे सभोवार. परिक्रमा, परिसर, परिवार यांतला. ‘परिमंडल’ म्हणजे सभोवार वर्तुळ असलेलं, कोणत्याही बाजूनं कमीजास्त नसलेलं. या विशेषणाचं नाम करायची रीत आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. सुंदरचं सौंदर्य, मधुरचं माधुर्य, पंडितचं पांडित्य, उदारचं औदार्य. पहिल्या स्वराची वृद्धी करायची आणि शेवटी ‘य’ आणायचा. पाणिनीय व्याकरणात या प्रत्ययाला ष्यञ् म्हणतात. त्याच साच्यातून परिमंडलचं पारिमांडल्य झालं; इथे ‘परि’बरोबर ‘मंडल’चाही पहिला स्वर वाढला, एवढंच. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात काही अवघड नाही. सौंदर्य तोंडात बसलं, हे बसलं नाही, इतकंच.

मराठीला गोल म्हणायला शब्दांची वाण कधीच नव्हती. गोल आहे, वर्तुळाकार आहे, वाटोळा आहे, गोलमटोल आहे. ‘वाटोळा’ हा संस्कृत ‘वर्तुल’चाच प्राकृतातून झिजत आलेला वंशज. बिचाऱ्याचं नशीब असं, की ‘वाटोळं झालं’ या प्रयोगानं त्याचीच अब्रू गेली. एवढे शब्द हाताशी असताना पारिमांडल्याची गरज कुणाला पडली? ज्यांना गोल वस्तूचं वर्णन करायचंच नव्हतं, त्यांना.

दर्शनकारांच्या हाती पडण्यापूर्वी ‘परिमंडल’ हे साधं विशेषण होतं आणि ते बऱ्याच ठिकाणी भेटतं. शतपथ ब्राह्मणाच्या सातव्या कांडात गार्हपत्य या यज्ञाग्नीची चिती, म्हणजे विटांची वेदी, गोल का रचायची, याचं कारण देताना ‘परिमण्डल उ वा अयं लोकः’, हा लोक परिमंडल आहे, असं वाक्य येतं. महाभारताच्या भीष्मपर्वात संजय धृतराष्ट्राला सुदर्शनद्वीपाचं वर्णन सांगतो, तेव्हा म्हणतो, ‘परिमण्डलो महाराज द्वीपोऽसौ चक्रसंस्थितः’. द्वीप परिमंडल आहे, चाकासारखं आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पहिलं वाक्य हल्ली ‘पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे हे आपल्याला वेदकाळीच ठाऊक होतं’ या मजकुराखाली फिरत असतं. भाकरीही गोल आणि लाडूही गोल. मराठीत दोन्हींना एकच शब्द चालतो, तसंच परिमंडलचंही आहे. चितीची रचना आणि चाकाची उपमा पाहिली तर या दोन्ही ठिकाणी भाकरीची गोलाई आहे, असंच मला दिसतं. लाडूची गोलाई सांगायची होती, तेव्हा आर्यभटानं शब्द मोजून मापून वापरले. इ.स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात तो ‘भूगोलः सर्वतो वृत्तः’ म्हणतो, सर्व बाजूंनी वर्तुळ, आणि लगेच पुढच्या श्लोकात कदंबाच्या फुलाचा दाखला देतो. कदंबाचं फूल ज्यानं पाहिलंय त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. मधल्या गाठीभोवती चहूकडून केसर उभे, तशी पृथ्वीभोवती चहूकडून जीवसृष्टी. असा स्पष्ट पुरावा हाताशी असताना शतपथाच्या एका विशेषणाला ओढूनताणून साक्षीला उभं करायचं कारण मला कळत नाही.

पालीत तर हा शब्द फार सुरेख वापरलाय. बौद्ध भिक्षूंच्या शिष्टाचाराचे जे ७५ सेखिय नियम आहेत, त्यांतला पहिलाच वस्त्राविषयी आहे : ‘परिमण्डलं निवासेस्सामि’. खालचं वस्त्र परिमंडल नेसेन. म्हणजे काय, तर पुढे लोंबत नाही, मागे लोंबत नाही, बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीखालपर्यंत सगळीकडून सारखं. वस्त्र काही गोल नसतं. ‘चहूकडून सारखं’ हा जो अर्थाचा गाभा, तेवढाच उचललाय. बुद्धाच्या ३२ लक्षणांत एक ‘निग्रोधपरिमंडल’ आहे. निग्रोध म्हणजे वड. वड जेवढा उंच, तेवढा रुंद. तसं ज्याचं शरीर उंचीला जेवढं, तेवढंच पसरलेल्या दोन हातांच्या टोकांमधलं अंतर. हे अंतर म्हणजे पालीतला ब्याम, संस्कृतातला व्याम आणि विहिरीचा दोर मोजताना आपण म्हणतो ती वाव. इथेही माणूस गोल नाही. मापं सगळीकडून सारखी आहेत.

हा गाभा लक्षात ठेवला, की वैशेषिकांनी हा शब्द का उचलला ते समजतं.

कणादांचं वैशेषिक दर्शन म्हणजे जगात काय काय आहे याची शिस्तशीर मोजदाद. त्यांचं म्हणणं असं, की वस्तूचे तुकडे करत गेलं तर कुठेतरी थांबावंच लागतं. थांबलो नाही तर मेरू पर्वत आणि मोहरी यांच्यात फरक राहणार नाही. दोघांचेही तुकडे अनंत. मग मेरू मोठा आणि मोहरी लहान कशाच्या जोरावर म्हणणार? म्हणून शेवटचा, ज्याला आणखी तुकडे नाहीत असा कण मानायचा. तो परमाणू. तो कुणी केलेला नाही, नष्टही होत नाही, नित्य आहे. त्याचं माप सांगणारं कणादांचं सूत्र दोनच शब्दांचं आहे : ‘नित्यं परिमण्डलम्’.

दिसणारी सगळ्यात लहान वस्तू कोणती, याचं त्यांचं उत्तर आजही घरबसल्या पाहता येतं. कौलांच्या फटीतून किंवा पत्र्याच्या भोकातून कवडसा आत येतो आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. कवडशाबाहेर गेला की कण दिसेनासा. या कणाला त्रसरेणू म्हणतात. ‘त्रस’ म्हणजे हलणारा. मनुस्मृतीतही वजनमापांची सुरुवात याच कणापासून आहे : ‘जालान्तरगते भानौ यत्सूक्ष्मं दृश्यते रजः’. खिडकीच्या जाळीतून सूर्य आत आला असता जो बारीक रज दिसतो, तो मापांतला पहिला. असे आठ म्हणजे एक लीख, तीन लिखांची एक काळी मोहरी, अशी पुढची कोष्टकं. उवांच्या लिखा मापात आलेल्या पाहून हसू येईल, पण बारीक म्हणजे किती बारीक हे त्या काळच्या आईला यापेक्षा चांगलं कशानं समजलं असतं?

वैशेषिक त्या कणाच्या आत शिरले. दिसतो, म्हणजे त्याला काहीतरी आकारमान आहे. आकारमान आहे, म्हणजे तो भागांचा बनलेला आहे. ते भाग पुन्हा भागांचे. नंतरच्या ग्रंथांत ठरून गेलेला हिशेब असा : दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजेच कवडशातला कण. कवडशातल्या कणाचा सहावा भाग म्हणजे परमाणू. प्रयोगशाळा नव्हती, भिंग नव्हतं. हा आकडा तर्कानं काढलेला आहे, मोजून नव्हे. म्हणून ‘कणादांनी अणूचा शोध लावला’ असं म्हणताना जरा बेतानं म्हणावं. आजच्या रसायनशास्त्रातला अणू वजन करून, प्रमाणं तपासून हाती लागला. कणादांचा परमाणू ‘कुठेतरी थांबलं पाहिजे’ या युक्तिवादातून आला. दोन्हींची जात वेगळी. पण युक्तिवाद म्हणून तो काही हलका नाही.

आता या परमाणूचा आकार कसा? त्याला भाग नाहीत. भाग नाहीत, म्हणजे लांबी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असं होऊ शकत नाही. कोपरा असायचा तर दोन बाजू येऊन मिळायला हव्यात. बाजू म्हणजे भागच. तेव्हा तो चहूकडून सारखा, म्हणजेच परिमंडल. भिक्षूच्या वस्त्रात जो गाभा होता, तोच इथे आला.

चाणाक्ष वाचकाला इथे खटकेल. गोल म्हटलं की मध्य आला आणि कड आली, आणि मध्य व कड हेसुद्धा भागच की! ही शंका जुनीच आहे. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी ‘विंशतिके’त ती अशी मांडली, की पुढच्या कितीतरी पिढ्यांना ती पुरली. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू एकदम येऊन चिकटले, असं समजा : वर एक, खाली एक, चार बाजूंना चार. मग मधल्याची वरची बाजू वेगळी, खालची वेगळी. म्हणजे त्याचे सहा भाग झाले. ‘षट्केन युगपद्योगात् परमाणोः षडंशता’. भाग नकोत म्हणाल तर सहाही एकाच जागी घुसतात असं मानावं लागेल, आणि मग कितीही परमाणू एकत्र आणा, ढीग एका परमाणूएवढाच राहील.

वैशेषिकांनी यावर उत्तरं दिली; त्या चर्चेत शिरत नाही, ती फार लांबते. आपल्या शब्दापुरतं महत्त्वाचं एवढंच, की नंतरच्या ग्रंथांत पारिमांडल्यातली गोलाई पातळ होत गेली आणि माप तेवढं उरलं. न्याय-वैशेषिकांत ‘परिमाण’ हा एक गुण आहे. त्याचे चार प्रकार : अणू, महत्, ह्रस्व, दीर्घ. अणू परिमाण पुन्हा दोन तऱ्हेचं. एक अनित्य, जे द्व्यणुकात असतं. दुसरं नित्य, जे परमाणूत आणि मनात असतं. आणि ते पारिमांडल्य, असं वैशेषिकांचे जुने आचार्य प्रशस्तपाद सरळ सांगून टाकतात. म्हणजे शब्द आकाराच्या खात्यातून निघून मापाच्या खात्यात जमा झाला. इंग्रजी भाषांतरकार त्याला गोलपणाचा शब्द देतात तेव्हा वाचणारा आकार शोधत बसतो, आणि मजकूर चाललेला असतो लहानमोठेपणाचा.

मन कुठून आलं मध्येच? तेही यांच्या मते परमाणूएवढंच. कारण आपल्याला एका क्षणी एकच ज्ञान होतं. मन एवढंसं आहे, म्हणून ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. यावरही आक्षेप होता आणि तो खाण्यावरून होता. शष्कुली नावाचा लांबलचक तळलेला कुरकुरीत पदार्थ खाताना रंग, वास, चव, स्पर्श आणि कुडुमकुडुम आवाज हे सगळं एकदमच नाही का कळत? नैयायिकांचं उत्तर : एकदम वाटतं, पण नसतं. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर ती एकदम आरपार गेल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात पाकळ्या एकामागून एक भोसकल्या जातात. मन तसं झपाट्यानं फिरतं.

आता मुख्य भानगड. जगातल्या बहुतेक प्रत्येक गोष्टीतून दुसरं काही ना काही घडतं, तिला कारणत्व असतं. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त याला एक अपवाद सांगितला आहे. न्याय शिकणारा विद्यार्थी ती ओळ सुरुवातीलाच पाठ करतो : ‘पारिमाण्डल्यभिन्नानां कारणत्वमुदाहृतम्’. पारिमांडल्य सोडून बाकीच्यांना कारणत्व सांगितलेलं आहे.

या एका गुणावर एवढा राग का? कारण हिशेब जुळत नव्हता. नियम असा आहे, की अवयवांचं माप अवयवीच्या, म्हणजे त्या अवयवांच्या बनलेल्या वस्तूच्या, मापाला जन्म देतं, आणि जन्मलेलं माप त्याच जातीचं, पण चढं असतं. धाग्यांना ‘महत्’ परिमाण आहे. त्यांचं कापड झालं, की त्याचं परिमाण त्याहून ‘महत्’. मोठ्यातून आणखी मोठं. आता हाच नियम परमाणूला लावा. परमाणूचं माप ‘अणू’, म्हणजे लहान. त्याच जातीचं पण चढं, म्हणजे आणखी लहान! दोन परमाणू जोडून झालेलं द्व्यणुक एका परमाणूपेक्षाही बारीक निघायला हवं. आणि परमाणू तर सगळ्यात बारीक ठरवून बसलो आहोत. दोन जोडले आणि एकापेक्षा कमी झालं, असा जमाखर्च कोणता कारकून मान्य करील?

यातून वाट काढायला त्यांनी पाहिलं, की वस्तूचं माप ठरवणाऱ्या गोष्टी तीन आहेत. एक अवयवांचं माप. दुसरी त्यांची संख्या. तिसरी त्यांची सैल जोडणी, तिला प्रचय म्हणतात. कापूस तोच, पण पिंजाऱ्यानं पिंजला की ढीग फुगतो, ते प्रचयामुळे. परमाणूंच्या बाबतीत माप बाद झालं, वर पाहिलंच. प्रचयही बाद, कारण ज्याला भागच नाहीत तो सैल काय होणार! उरली संख्या. म्हणून द्व्यणुकाचं माप परमाणूंच्या मापातून येत नाही, ते ‘दोन’ या संख्येतून येतं. द्व्यणुकाचंही माप लहानच, म्हणून त्र्यणुकाचं मोठेपणही द्व्यणुकांच्या मापातून येऊ शकत नाही. ते ‘तीन’ या संख्येतून येतं. तिथून पुढे मात्र मोठ्यातून मोठं असा नेहमीचा व्यवहार सुरू होतो. पारिमांडल्याला नोकरीवरून कमी केलं आणि ते काम संख्येला दिलं.

यातही काटेकोरपणा असा, की योग्यांचा प्रश्न निघालाच. योग्याला म्हणे परमाणू प्रत्यक्ष दिसतो. मग त्याच्या ज्ञानाला पारिमांडल्य हा विषय म्हणून तरी कारण होईल ना? ‘भाषापरिच्छेदा’वरच्या आपल्याच ‘सिद्धांतमुक्तावली’ या टीकेत विश्वनाथ खुलासा करतात, की योग्याच्या प्रत्यक्षाला विषय कारण लागत नाही असं धरून हे विधान केलेलं आहे. शिवाय ते जाताजाता सांगतात, की असे अकारण ठरणारे आणखीही काही आहेत, उदाहरणार्थ आकाशाचं परममहत् परिमाण. एकीकडे सगळ्यात लहान, दुसरीकडे सगळ्यात मोठं. दोघंही सारखेच निकामी.

पण संख्येला काम दिल्यावर नवंच लचांड उभं राहिलं. न्याय-वैशेषिकांच्या मते ‘एक’ ही संख्या वस्तूत असतेच, पण ‘दोन’, ‘तीन’ या संख्या मोजणाऱ्याच्या बुद्धीमुळे उत्पन्न होतात. ‘हा एक, हा एक’ असं कुणीतरी जाणल्याशिवाय द्वित्व निपजत नाही. या जाणण्याला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. बरं, सृष्टीच्या आरंभी परमाणूंची द्व्यणुकं बनू लागली, तेव्हा ते परमाणू मोजायला कोण होतं? माणूस नव्हता, आणि असता तरी त्याला परमाणू दिसले नसते. तरी द्व्यणुक झालं आहे, त्याअर्थी द्वित्व होतं. द्वित्व होतं, त्याअर्थी मोजणारा होता.

नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करायला जी कारणांची ओळ दिली आहे, तिच्यात ‘संख्याविशेषाच्च’ असा शब्द आहे. तो याच जागी बोट ठेवतो. विशिष्ट संख्येवरूनही ईश्वर सिद्ध होतो, असं ते म्हणतात. ईश्वरासाठी दिलेल्या युक्तिवादांत मला हा सगळ्यात चमत्कारिक वाटतो. पटणं न पटणं ज्याचं त्याच्यापाशी, पण विश्वाच्या पहिल्या क्षणी ‘हा एक, हा एक’ असं मोजत असलेला ईश्वर इतर कोणत्या वाङ्मयात भेटेल असं वाटत नाही. आणि हे सगळं कशामुळे, तर एका गोलाईतून काही निपजत नाही म्हणून.

वैशेषिकांनी आपल्या घरात केलेली ही सोय शंकराचार्यांच्या हातात आयतं शस्त्र म्हणून गेली. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाच्या सहा हातांना सहा दर्शनं म्हटलंय आणि ‘म्हणौनि विसंवादे धरिती । आयुधें हातीं’ असं पुढे येतं. त्यातल्या एका हाताचं आयुध दुसऱ्यानं कसं हिसकावलं, ते इथे दिसतं.

वैशेषिकांचा वेदान्त्यांवर आक्षेप असा होता : तुम्ही म्हणता चेतन ब्रह्मापासून हे जग झालं. कारणाचे गुण कार्यात उतरतात. पांढऱ्या धाग्यांचं कापड पांढरं होतं. मग ब्रह्माचं चैतन्य दगडामातीत का उतरलं नाही? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात अकरावं सूत्र येतं : ‘महद्दीर्घवद्वा ह्रस्वपरिमण्डलाभ्याम्’. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य वैशेषिकांना त्यांच्याच प्रक्रियेची आठवण करून देतात. तुमचा परमाणू परिमंडल. त्यापासून झालेलं द्व्यणुक मात्र परिमंडल नाही, ते अणू आणि ह्रस्व. त्या अणू-ह्रस्व द्व्यणुकांपासून झालेलं त्र्यणुक अणूही नाही आणि ह्रस्वही नाही, ते महत् आणि दीर्घ. म्हणजे परमाणूचा पांढरेपणा खाली उतरतो म्हणता, आणि पारिमांडल्य उतरत नाही म्हणता. कारणाचा एखादा गुण कार्यात उतरत नाही, हे तुमच्याच घरात रोज घडतंय. मग ब्रह्माचं चैतन्य जगात उतरलं नाही तर तुमचं पोट का दुखतं?

वैशेषिकाचा प्रतिवादही भाष्यातच मांडलेला आहे. द्व्यणुकात दुसरं, विरोधी परिमाण येऊन बसतं, त्यामुळे पारिमांडल्याला शिरायला जागा उरत नाही. चैतन्याच्या वाटेत असं आडवं कोण आलंय? शंकराचार्य ही पळवाटही बुजवतात : नवं परिमाण येण्याआधी कार्यद्रव्य क्षणभर गुणाशिवाय असतं, हे तुम्हीच मानता. त्या क्षणी तर जागा रिकामी होती. तेव्हा का नाही शिरलं पारिमांडल्य? मूळ संस्कृतात हे भाष्य वाचताना खटला चालल्यासारखा वाटतो, आणि साक्षीदार दोन्ही बाजूंना एकच.

या परिभाषेच्या जंगलात वाट काढायला भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत तो पहिल्यांदा छापला गेला आणि पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेनं वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी वाढवलेली आवृत्ती काढली. तो संस्कृतातच आहे. मराठीत इतका बारीक कोश नाही, ही खंत आहेच.

पारिमांडल्य मराठीत रुजलं नाही, पण त्या हिशेबातले त्याचे दोन शेजारी आपल्या शाळेच्या पुस्तकात येऊन बसले आहेत. रसायनशास्त्रातल्या सगळ्यात लहान कणाला मराठीत अणू म्हणतात आणि अणू जोडून होणाऱ्या कणाला रेणू. हा रेणू त्या कवडशातल्या त्रसरेणूचा भाऊबंद. हिंदीनं मात्र पहिल्याला परमाणु म्हटलं आणि दुसऱ्याला अणु. वैशेषिकांच्या पंगतीत बसवलं तर हिंदीची वाटणी मुळाला जास्त धरून आहे, कारण द्व्यणुकाचंही माप त्यांच्याकडे ‘अणू’च होतं. व्यवहारात याचा त्रास होतो तो स्पर्धा परीक्षांची हिंदी पुस्तकं चाळणाऱ्या मराठी मुलांना. तिथे ‘जल का एक अणु’ म्हटलेलं असतं तो आपला रेणू. मुंबईच्या भाभा केंद्राच्या नावातही मराठीत ‘अणुसंशोधन’ आहे आणि हिंदीत ‘परमाणु अनुसंधान’.